सोललेली कालवे: अंगचे पाणी राखून शिजवण्याच्या रीती

पुण्याहून एका भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. नात्यातल्या कोणीतरी देवगडहून येताना त्यांच्यासाठी सोललेल्या कालवांची (ऑयस्टरची) पाव-पाव किलोची दोन पाकिटे बर्फात घालून आणली. शोधल्यावर सापडलेल्या बहुतेक पाककृती शिंपल्यासकट भाजण्याच्या किंवा शिंपल्यातूनच कच्ची खाण्याच्या निघाल्या, म्हणून त्यांनी एक पाकीट तिसऱ्यांच्या (लहान शिंपल्यांच्या) सुक्याप्रमाणे कांदा-मसाल्यात घालून वीस मिनिटे झाकण ठेवून शिजवले. शेवटी हाती आले ते पातळ मसाल्यात पोहणारे, दाताला चिवट लागणारे लहान लहान गोळे. दुसरे पाकीट फ्रीझरमध्ये आहे, ते वाया जाऊ नये आणि कवच नसताना कालवे नेमकी कशी शिजवावीत हे कळावे, अशी त्यांची इच्छा आहे. मालवणजवळ मी सत्तावीस वर्षे खाणावळ चालवते आणि पावसाळा सोडला तर आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी आमच्या चुलीवर कालवे चढतात, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की कवच नाही म्हणून काही उणे आहे, असे मनात आणू नये. आमच्याकडची खडकावरची कालवे खालच्या शिंपल्याने कातळाला इतकी घट्ट चिकटलेली असतात की ती अखंड काढणे फार अवघड असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप मागे जाते, एरवी पाण्याखाली राहणारा कातळ उघडा पडतो, तेव्हा बायका टोकदार लोखंडी हत्यार घेऊन जातात, वरचा शिंपला ठोकून उडवतात, आतले मांस टोकाने उचलतात आणि ते त्याच्याच पाण्यासकट भांड्यात जमा करतात. खालचा शिंपला कातळावरच राहतो. बाजारात कालवे येतात ती अशीच, सोललेली, आणि वाट्यावर किंवा मापाने विकली जातात. त्यामुळे कोकणातला कालवांचा जवळजवळ सगळा स्वयंपाक हा कवचाविनाच घडलेला स्वयंपाक आहे. शिंपल्यात वाढण्याची रीत खाडीत वाढवलेल्या मोठ्या कालवांची आणि हॉटेलांची आहे, ती आपल्या घरातल्या पाव किलोला लागू पडत नाही.

आता आपले पाकीट का बिघडले ते पाहू, कारण ते समजले की पुढच्या सगळ्या कृती आपोआप समजतील. कालवाच्या मांसात बहुतांश पाणीच असते. आच लागली की मांस आकसते आणि ते पाणी बाहेर टाकते. पहिल्या तीन-चार मिनिटांत कडांना झालरीसारख्या चुण्या पडतात, मधला भाग फुगीर आणि मऊ राहतो, आणि हीच खाण्याची वेळ असते. त्यापुढे शिजवत राहिलो तर मटणासारखे ते पुन्हा मऊ पडत नाही, फक्त आकसत जाते. वीस मिनिटांत त्याचा उरलेला रस मसाल्यात उतरतो आणि मसाला पातळ होतो. म्हणजे चिवट कालव आणि पाणचट मसाला या दोन तक्रारी दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांचे कारण एकच आहे. तिसऱ्यांचे गणित इथे चालत नाही, कारण तिसऱ्यांना निदान एक शिंपला असतो, तो मांसाला थोडा आडोसा देतो आणि खाणाऱ्याला चोखायला रसही देतो. सोललेल्या कालवाला कसलाच आडोसा नसतो. त्याला आडोसा आपणच द्यायचा असतो, आणि तो वेळेचा, पिठाचा किंवा रश्श्याचा असू शकतो.

कालवे हाताळण्यापासून सुरुवात करते. ती नळाच्या पाण्याखाली धरून खळाखळा धुण्याची सवय बहुतेक घरांत असते आणि निम्मी चव तिथेच मोरीत जाते. पाकिटातले किंवा भांड्यातले पाणी आधी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे. हे कालवांचे अंगचे पाणी आहे, त्यात समुद्राचे मीठ आणि कालवाचा सगळा वास असतो. ते ओल्या पातळ फडक्यातून गाळावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवून तळाशी बसलेली वाळू मागे सोडत वरचे पाणी घ्यावे. मग कालवे एकेक करून बोटांच्या चिमटीतून फिरवावीत. डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागते अशी कवचाची कच बहुधा एका बाजूला, जिथे मांस शिंपल्याला धरून असते तिथे चिकटलेली असते. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळता येत नाही, कारण एका कचेने अख्खा घास थुंकावा लागतो. कच काढल्यावर हलक्या मिठाच्या पाण्यात एकदा बुचकळून लगेच चाळणीत काढावीत. साध्या पाण्यात भिजत ठेवली तर ती फुगतात, फिकट पडतात आणि पुढे तेवढेच जास्त पाणी सोडतात.

ताजेपणाची परीक्षाही इथेच करावी. शिंपल्यातल्या कालवाबाबत तोंड मिटलेले असावे हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण सोललेल्या कालवाला मिटायला तोंडच नसते, म्हणून नाकावर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. मांस भरीव आणि मलईसारख्या रंगाचे किंवा राखाडी झाक असलेले असावे, पाणी स्वच्छ किंवा किंचित दुधाळ असावे, आणि वास ओल्या कातळाचा, समुद्राचा यावा. आंबूस किंवा अमोनियासारखा उग्र वास आला, अगर पाणी चिकट तार धरू लागले, तर मसाला वाढवून ते झाकण्याचा विचारही करू नये, सरळ टाकून द्यावे.

सुरक्षिततेबद्दल जरा थांबून लिहिते, कारण या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई दिसते. कालव पाणी गाळून जगते आणि त्या पाण्यातले जंतूही अंगात साठवते. कोमट समुद्राच्या पाण्यात विब्रिओ जातीचे जीवाणू असतात, सांडपाणी मिसळत असेल तिथे नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू असतो, आणि लिंबू, आमसूल, व्हिनेगर किंवा तिखट मसाला यांपैकी कशानेही ते मरतात असे समजू नये. गोठवल्यानेही सगळे मरत नाहीत. उपाय उष्णता हाच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना अशी आहे की सोललेली कालवे उकळत्या पाण्यात किंवा रश्श्यात निदान ३ मिनिटे शिजवावीत, किंवा सुमारे १९० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात निदान ३ मिनिटे तळावीत. जपानमध्ये नोरोव्हायरससाठी शिंपल्यातल्या माशांच्या गाभ्याला ८५ ते ९० अंशांची उष्णता ९० सेकंद मिळावी असे सांगितले जाते. आपली खडकावरची कालवे बोटाच्या पेराएवढी, त्यामुळे चांगल्या उकळीत ३ ते ४ मिनिटांत ती गाभ्यापर्यंत शिजतात. सुदैवाने चवीची वेळही हीच आहे. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी कच्ची किंवा अर्धकच्ची कालवे मुळीच खाऊ नयेत. मी स्वतः खाणावळीत कोणालाही कच्चे कालव वाढत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी नाही. पावसाळ्यात खाड्यांना गढूळ गोडे पाणी येते, कालवेही पाणचट होतात, म्हणून तेवढे महिने आमच्याकडे ती बंद असतात.

आता सुके. पाव किलो कालवांना मध्यम आकाराचे तीन कांदे, सात-आठ लसूणपाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मालवणी मसाला, चार आमसुले, अर्धी वाटी ओले खोबरे आणि मूठभर कोथिंबीर लागते. लोखंडी किंवा जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून ठेचलेली लसूण आणि मिरची टाकावी, मग बारीक चिरलेला कांदा. या कांद्याला पुरी दहा-बारा मिनिटे द्यावीत, कारण कालव पडल्यावर कांदा शिजायला वेळच उरणार नाही. कांदा कडेने तांबूस होऊन चमच्याखाली दबू लागला की हळद आणि मसाला घालून मिनिटभर परतावे. मग गाळून ठेवलेले अंगचे पाणी घालावे, आमसुले टाकावीत आणि आच मोठी करून ते पाणी आटू द्यावे. कढईतला आवाज या वेळी बदलतो, खळखळ थांबते आणि चुरचुर सुरू होते. चमच्याने मसाला बाजूला सारला की कढईचे बूड क्षणभर कोरडे दिसते आणि कडेला तेल सुटते. कालवे घालण्याची वेळ हीच, त्याआधी नाही.

कालवे पडताच कढई गार होते, म्हणून आच मोठीच ठेवावी आणि झाकण ठेवू नये. अर्ध्या मिनिटात ती पाणी सोडू लागतात, दुसऱ्या मिनिटाला कडा वळतात, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सुटलेले पाणी मसाल्याने शोषलेले असते. खोबरे आणि कोथिंबीर घालून एकदा वरखाली करावे आणि कढई उतरवावी, कारण उतरल्यावरही तिच्या उष्णतेत कालव शिजतच असते. मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच घालावे. अंगचे पाणी आटले की ते इतके खारट होते की कित्येकदा वरून चिमूटभरही मीठ लागत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी कांद्याबरोबरच मीठ घालून बसले आणि वीस माणसांचे सुके खारट झाले. सासूबाईंनी त्यात जास्तीचे खोबरे आणि उकडलेला बटाटा कुस्करून घातला आणि पानात वाढण्याजोगे केले, पण तेव्हापासून कालवांना मीठ शेवटी हे माझ्या हाताला बसले आहे.

रश्श्यासाठी कांदा-खोबरे भाजून केलेले वाटप नेहमीचेच असते. फरक एवढाच की कालवांचे पाणी वाटपात घालून रस्सा आधी पुरता उकळवून दाट करून घ्यावा, पानावर बसायच्या पाच मिनिटे आधी उकळत्या रश्श्यात कालवे सोडावीत आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून चार मिनिटे मोजावीत. पुन्हा पुन्हा गरम केलेल्या रश्श्यातले कालव उरत नाही, नुसता त्याचा वास उरतो. म्हणून खाणावळीत आम्ही रस्सा वेगळा ठेवतो आणि गिऱ्हाईक आले की लागतील तेवढीच कालवे त्यात घालतो. घरीही चार जण वेगवेगळ्या वेळी जेवणार असतील तर हीच रीत बरी.

तळण्यात पिठाचा आडोसा मिळतो आणि म्हणूनच ज्यांना कालवांचा लिबलिबीतपणा सहन होत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. कालवे स्वच्छ कोरड्या फडक्यावर एका थरात पसरून दहा मिनिटे टिपावीत. ओले कालव तेलात फुटते, तेल अंगावर उडते, आणि पीठही सुटून येते. मग हळद, तिखट, लसणीचा थोडा ठेचा आणि दोन थेंब आमसुलाचे आगळ इतकेच लावावे, मीठ नाममात्र. दोन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचे पीठ एकत्र करून त्यात कालवे घोळवावीत आणि लगेच तळावीत, कारण घोळवून ठेवली तर रवा ओला होतो. तव्यावर करायची तर तेल सढळ हाताने घालून प्रत्येक बाजू दोन मिनिटे, आणि तव्यावर एका वेळी गर्दी करू नये. गोव्यात रवा लावून तळलेली कालवे अशीच असतात. जपानमध्ये पीठ, अंडे आणि पावाचा जाडसर चुरा लावून कालवे तळतात, तर अमेरिकेतल्या लुईझियानात मक्याच्या पिठात घोळवून तळतात आणि लांब पावात भरून खातात. तिन्ही ठिकाणी कोरडे करणे, कवच चढवणे आणि कडक आच हे तत्त्व एकच आहे.

भजी करताना मात्र कालवे कच्ची घालू नयेत. बेसनाच्या गोळ्यात ती आत पाणी सोडतात, भजी बाहेरून तांबूस आणि आतून पिठूळ राहते. आधी अंगच्या पाण्यात ३ मिनिटे उकळून झाऱ्याने काढावीत, निथळावीत, मोठी असल्यास दोन तुकडे करावेत आणि मग उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि बेसन यांत मिसळावीत. पीठ भिजवायला तेच उकळलेले पाणी वापरावे. संध्याकाळच्या चहाबरोबर आमच्याकडे याला फार मागणी असते.

भाताच्या बाबतीत मला एक जपानी रीत मनापासून पटली. तिकडे कालवांचा भात करताना कालवे आधी थोड्या वेळात शिजवून बाजूला काढतात, त्या पाण्यात तांदूळ शिजवतात आणि भात झाला की कालवे वर पसरून वाफ देतात. आपल्या पुलावात मी हेच करते. तूप, तमालपत्र, लवंग, कांदा, थोडे आले, आणि तांदळाला लागणाऱ्या पाण्यात कालवांचे पाणी मिळवलेले. गरम मसाला कमीच घालावा, नाहीतर कालवांचा वास दबतो. भात तयार झाल्यावर शिजवलेली कालवे वर घालून पाच मिनिटे झाकण ठेवले की पुरे. तांदूळ आणि कालवे एकदम कुकरला लावणाऱ्यांना कालवे शोधावी लागतात.

अंड्याबरोबरही कालव चांगले जमते. तैवान आणि चीनच्या फूजियान प्रांतात रस्त्यावर मिळणाऱ्या कालवांच्या ऑम्लेटमध्ये रताळ्याच्या पिठाची पातळ पेज घालतात, त्याने कडा कुरकुरीत आणि मध्य लुसलुशीत होतो. घरी करायचे तर कालवे आधी तव्यावर कांद्याबरोबर ३ मिनिटे परतून, सुटलेले पाणी तिथेच आटवून, मग फेटलेली अंडी वरून ओतावीत.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. तिकडे मिळणारी डब्यातली सोललेली कालवे आपल्यापेक्षा बरीच मोठी असतात. त्यांना ४ ऐवजी ५ ते ६ मिनिटे द्यावीत आणि तुकडे करायचे झाल्यास शिजल्यावर करावेत, आधी कापली तर आतला मऊ भाग भांड्यात विरघळून जातो. त्यांच्याकडची दुधातली कालवेही करून पाहण्यासारखी आहेत: लोण्यात थोडा कांदा, कालवे आणि त्यांचे पाणी घालून कडा वळेपर्यंत उकळायचे, वेगळे तापवलेले दूध शेवटी मिसळायचे, वर मिरपूड. दूध घातल्यावर उकळू नये आणि आंबट काही घालू नये, नासते. ओव्हन असेल तर चिनीमातीच्या लहान वाट्या शिंपल्याचे काम करतात. वाटीत चार-पाच कालवे, वर लसूण परतलेला पावाचा चुरा आणि लोणी, २३० अंशांवर १० मिनिटे.

आता आपल्या दुसऱ्या पाकिटाकडे येते. गोठवलेली कालवे ताज्यापेक्षा जास्त पाणी सोडतात, म्हणून वर दिलेली सुक्याची कृती त्यांना जशीच्या तशी लावू नये, एक पायरी वाढवावी. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात ठेवावे. ओट्यावर किंवा गरम पाण्यात ते सोडवू नये आणि एकदा सुटलेले परत गोठवू नये. सकाळी सुटलेले सगळे पाणी गाळून छोट्या पातेल्यात उकळावे, त्यात कालवे घालून पुन्हा उकळी आल्यापासून ३ मिनिटे ठेवावीत आणि झाऱ्याने ताटलीत काढावीत. ती अगदी लहान झालेली दिसतील, घाबरू नये. पातेल्यातले पाणी आटवून चार-पाच चमचे उरवावे. कांदा-मसाला वर सांगितल्याप्रमाणे कोरडा होऊ द्यावा, त्यात हे आटवलेले पाणी घालून पुन्हा तेल सुटेपर्यंत परतावे, आणि अगदी शेवटी ताटलीतली कालवे आणि खोबरे घालून मसाला लागेपुरते मिनिटभर हलवून उतरवावे. पाव किलोचे सुके तीन माणसांना तांदळाच्या भाकरीबरोबर पुरते. भाकऱ्या आधी भाजून ठेवाव्यात आणि कालवे त्यानंतरच कढईत घालावीत.